विमानाचे पेटंट आणि सरकारचा हस्तक्षेप

पेटंटच्या भांडणात सरकारने पडावे काय, हा प्रश्न निघाला की मला १९१७ सालची अमेरिका आठवते. राइट बंधूंना १९०६ साली विमान-नियंत्रणाचे पेटंट मिळाले. १९०९ मध्ये त्यांनी प्रतिस्पर्धी ग्लेन कर्टिस यांच्यावर दावा लावला. १९१४ साली अपिलातही ते पेटंट टिकले, तरी वाद मिटला नाही. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. सैन्याला विमाने हवी होती आणि कारखानदार शुल्काच्या धास्तीत होते. काँग्रेसने पेटंटे ताब्यात घेण्यासाठी दहा लाख डॉलरची तरतूद केली. अखेर सरकारच्या विमानविषयक सल्लागार समितीच्या पुढाकाराने समझोता झाला: उत्पादकांचा संघ, सामायिक पेटंटे आणि प्रत्येक विमानामागे आरंभी २०० डॉलर शुल्क. कोणाचा हक्क बुडाला नाही, कामही अडले नाही.

मात्र युद्ध संपले तरी संघ उरलाच. संशोधनातील स्पर्धा तो मारतो, असा आक्षेप घेऊन सरकारनेच दावा लावला आणि १९७५ साली तो मोडीत निघाला.

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम १०२ केंद्राला सार्वजनिक प्रयोजनासाठी पेटंट संपादनाचा अधिकार देते. तो वापरावा लागलाच, तर हस्तक्षेपाची मुदत आदेशातच लिहावी, असे मला वाटते.