आकाशातली वीज, तारेतली वीज आणि पायाखालची जमीन

मराठीत आकाशात चमकते तीही वीज आणि तारेतून येते तीही वीजच. या दोघींची गाठ पडते तेव्हा काय होतं, हा माझ्या पीएचडीच्या कामाचा विषय. तुमच्यापैकी बरेच जण सध्या ‘विषय कसा शोधायचा’ या प्रश्नाशी झगडत असणार, म्हणून आज या विषयाचा थोडा इतिहास सांगतो.

सुरुवात कोयनेपासून करू. पाणी अडवलंय सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात. पण पहिलं वीजघर घाटाखाली पोफळीला, रत्नागिरी जिल्ह्यात. १९६२ साली पहिला टप्पा सुरू झाला आणि २२० केव्हीच्या वाहिन्या डोंगरदऱ्यांतून मुंबईकडे निघाल्या. पुढे ४०० केव्हीच्या वाहिन्या घाटमाथा ओलांडून कराडकडेही आल्या. आता डोंगराच्या धारेवर उभा असलेला लोखंडी टॉवर डोळ्यांसमोर आणा. आजूबाजूला त्याच्याइतकं उंच काहीच नाही. वीज पडायला याहून सोयीची जागा कुठली?

गंमत म्हणजे, १९२० च्या दशकापर्यंत अनेक अभियंत्यांना वाटायचं की वाहिन्या बंद पडतात त्या जवळपास पडलेल्या विजेमुळे तारेत निर्माण होणाऱ्या दाबाने. थेट तारेवर किंवा टॉवरवर पडलेली वीज हे मुख्य कारण नव्हे. १९३० मध्ये चार्ल्स फोर्टेस्क्यू यांनी हे उलटं मांडलं: उच्चदाब वाहिन्यांचं खरं दुखणं थेट पडणारी वीज हेच आहे. (हो, सिमेट्रिकल कॉम्पोनंट्सवाले तेच!) प्रश्न बदलला, तसा उपायही बदलला. मुख्य तारांच्या वर एक-दोन अर्थ वायर ताणायच्या, वीज त्यांच्यावर घ्यायची आणि टॉवरमधून जमिनीत सोडायची. कोणत्याही मोठ्या टॉवरच्या अगदी टोकाकडे बघा, इन्सुलेटरशिवाय बांधलेली बारीक तार दिसेल. तीच ही.

उपकेंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरसाठी दुसरा पहारेकरी असतो, लाइटनिंग अरेस्टर. वायरमन त्याला नुसतं ‘एलए’ म्हणतात. जुन्या एलएमध्ये सिलिकॉन कार्बाइडच्या चकत्या आणि हवेची फट असायची. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये मात्सुशिता कंपनीत मिचिओ मात्सुओका यांनी झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर विकसित केला, आणि पुढच्या दशकात फट नसलेले एलए आले. नेहमीच्या दाबाला हा पदार्थ जवळजवळ काहीच प्रवाह जाऊ देत नाही. दाब मर्यादेबाहेर गेला की क्षणात वाट मोकळी करतो. ब्रेकर उघडता-मिटताना उठणारा सर्जही तो असाच खाली उतरवतो.

आता लक्षात घ्या, यातला कोणताही उपाय विजेला थांबवत नाही. सगळे तिला जमिनीकडे वळवतात. आणि जमीनच तिला घ्यायला तयार नसेल तर?

सोपं गणित करू. पडलेल्या विजेचा प्रवाह साधारण ३० किलोअँपिअर धरा. टॉवरच्या पायाचा रोध १० ओहम असेल, तर टॉवरवर ३०० केव्ही दाब चढेल. रोध ५० ओहम असेल, तर १५०० केव्ही! २२० केव्हीच्या उपकरणांची आवेग सहनशक्ती १०५० केव्हीच्या आसपास असते. म्हणजे वीज अर्थ वायरने पकडली, तरी टॉवरवरून उलटी उडी मारून ती मुख्य तारेत शिरणार. याला बॅक फ्लॅशओव्हर म्हणतात. (प्रत्यक्षात प्रवाह शेजारच्या टॉवरांकडेही वाटला जातो, त्यामुळे आकडे कमी येतात, पण मुद्दा तोच.)

इथे आपला भूगोल आडवा येतो. वाळवा-मिरजेकडे कृष्णाकाठची काळी जमीन खोल आणि ओल धरणारी. तिथे अर्थिंग सहज मिळतं. पाटणजवळच्या वनकुसवडे पठारावर, जिथे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तिथे मात्र वरच्या पातळ मातीखाली जांभा आणि मग बेसॉल्ट. सांगलीच्या पूर्वेला ढालगाव-जतकडे मुरूम आणि खडक. अशा ठिकाणी अर्थिंगचा रॉड ठोकून भागत नाही. जमिनीत लांबवर पट्ट्या किंवा तारा पसराव्या लागतात.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी पठारावर जाऊन अर्थिंगचा रोध मोजला. आकडे इतके छान आले की मी खुशीत गाइडकडे गेलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “कधी मोजलंस?” मी म्हटलं, “ऑगस्टमध्ये, सर.” “आणि विजा कधी पडतात?”

मी गप्प. आपल्याकडे विजांचा कडकडाट जास्त असतो तो एप्रिल-मे महिन्यांतल्या वळवात आणि परतीच्या पावसात. वळीव येतो तेव्हा जमीन वर्षातली सगळ्यात कोरडी असते, म्हणजे तिचा रोध सगळ्यात जास्त. नेमका धोका असतो तेव्हाच संरक्षण सर्वात दुबळं! मी मात्र चिंब भिजलेल्या जमिनीला प्रशस्तिपत्र देऊन आलो होतो. ती अख्खी मोजणी बाजूला ठेवली आणि मे महिन्यात पुन्हा पठार चढलो.

खरं तर हे आमच्या गावातल्या शेतकऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं. उन्हाळ्यात मोटार नीट चालेना झाली की कुणीतरी डीपीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं. लहानपणी मी ते पाहिलं होतं, पण त्यात प्रश्न दडलाय हे मात्र दिसलं नव्हतं.

तुमचा विषय ठरवताना म्हणून दोन गोष्टी नक्की तपासा. फोर्टेस्क्यूंसारखं विचारा: सगळ्यांनी धरलेलं कारण खरंच मुख्य कारण आहे का? आणि मोजायला जाल तेव्हा विचारा: ज्या दिवशी उत्तराची गरज असते, त्या दिवशीची ही मोजणी आहे का? माझं एक वर्ष यात गेलं. तुमचं जाऊ नये, एवढ्यासाठीच हे लिहिलं.