पालकाचे पान आणि आम्लाची आंघोळ

प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण आपण शाळेत पाठ करतो. ते ज्या काचपात्रांत सिद्ध झाले त्यांत काय ओतले होते, हे सहसा कुणी विचारत नाही. मी वनस्पतिशास्त्र रीतसर शिकलेलो नाही. जुने शोधनिबंध वाचत या विषयात आलो, आणि त्यांतला ‘पद्धती’ हा रूक्ष भागच मला निष्कर्षांपेक्षा जास्त खिळवून ठेवतो.

केंब्रिजच्या रॉबिन हिल यांनी १९३७ साली दाखवले, की पानातून वेगळी काढलेली हरितलवकेही प्रकाशात प्राणवायू सोडतात. अट एकच : इलेक्ट्रॉन स्वीकारणारे काहीतरी, उदाहरणार्थ लोहाचे संयुग, द्रावणात हवे. एटीपी, म्हणजे पेशीतले ऊर्जेचे चलन, बनवणे हा मात्र तंतुकणिकांचा मक्ता समजला जाई. तो १९५४ मध्ये बर्कलेत मोडला. डॅनियल आर्नन, मेरी बेल ॲलन आणि व्हॉटली यांनी पालकाच्या हरितलवकांकडून, तंतुकणिकांच्या मदतीविना, प्रकाशात एटीपी करवून घेतले. पाने थंडीत वाटायची, नुसत्या पाण्याऐवजी मिठाचे द्रावण घ्यायचे, अशी ही पाकक्रिया. (पालकाने जीवरसायनशास्त्राची केलेली सेवा स्वयंपाकघरातल्या सेवेहून कमी नाही.)

पण प्रकाश आणि एटीपी यांच्या मधे काय असते? अमोनियमचा क्षार घातला, की इलेक्ट्रॉनांचा प्रवाह वाढे आणि एटीपी मात्र बनत नसे. न्यूट्रलमधल्या गाडीचे इंजिन नुसतेच घरघरावे तसे. अनेकांना वाटे, मधे एखादे ऊर्जासंपन्न रसायन असावे. अमेरिकेत आंद्रे यागेनडॉर्फ आणि जेफ्री हाइंड यांनी प्रयोगाचे दोन तुकडे केले : आधी एडीपीविना प्रकाश, मग अंधारात एडीपी आणि फॉस्फेट. एटीपी मिळाले. शांघायमध्ये शेन युनकांग यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे असे दोन टप्पे केले होते. गंमत अशी, की प्रकाशाच्या टप्प्याला पीएच ६ च्या आसपास मानवे, तर एटीपी बनण्याला ८. दोन्ही एकाच पात्रात उरकणाऱ्याला हा भेद दिसलाच नसता. शिवाय साठलेली ‘ती वस्तू’ इतकी विपुल होती, की हरितलवकातल्या कुठल्याही ज्ञात वाहक रेणूच्या हिशेबात ती बसेना.

पीटर मिचेल यांनी १९६१ मध्येच म्हटले होते, की ती वस्तू म्हणजे रसायन नव्हेच. पटलाच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनांमधली तफावत आहे. फार थोड्यांना ते पटले. १९६६ साली यागेनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरीबे यांनी हरितलवके अंधारात पीएच ४ च्या आम्लात बुडवली आणि काही सेकंदांत पीएच ८ च्या द्रावणात ओतली. प्रकाशाचा किरण नाही, तरी एटीपी तयार!

मिचेल यांना नोबेल मिळायला १९७८ उजाडले. मला मात्र त्या प्रयोगातली एक बारीक नोंद मोलाची वाटते. नुसत्या हायड्रोक्लोरिक आम्लाने एटीपी फारच कमी मिळे. सक्सिनिक आम्ल वापरल्यावर भरपूर. हे सेंद्रिय आम्ल पटलाच्या आत शिरून प्रोटॉनांचा साठा करू शकत होते.