एका नावाची दोन पोलादे

अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १९७३ साली हाताने सुऱ्या घडविणाऱ्या कारागिरांचे एक प्रदर्शन भरले होते. मेरीलँड राज्यातील विल्यम मोरान या लोहाराने त्यात आठ सुऱ्या मांडल्या. त्यांच्या पात्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसत होती. ती वरून कोरलेली नव्हती, पोलादाच्या अंगातच होती. मोरानने या पोलादाला 'दमास्कस' हे जुने नाव दिले आणि ते कसे करावे हे सांगणारी पुस्तिका लोकांना फुकट वाटली. आपल्या धंद्याचे गुपित असे वाटून टाकणारा कारागीर विरळाच! त्या काळी अमेरिकेतील बहुतेक सुरीकार पोलादाची तयार पट्टी घासून पाते करीत; ऐरणीवर पाते घडविणारे फार थोडे उरले होते. १९७६ साली मोरानने तिघा सहकाऱ्यांसह 'अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी' स्थापन केली आणि लोहाराची ही जुनी विद्या पुन्हा मार्गी लागली.

या संस्थेची परीक्षा मोठी कठोर आहे. उमेदवाराने स्वतः घडविलेल्या पात्याने टांगलेला एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडायचा, मग लाकडी वासा दोनदा तोडायचा, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस भादरून दाखवायचे आणि शेवटी तेच पाते व्हाइसमध्ये धरून ९० अंशांत वाकवायचे. धार कठीण आणि पाठ चिवट असल्याखेरीज हे साधत नाही. 'मास्टर' होऊ इच्छिणाऱ्याचे परीक्षेचे पाते किमान ३०० थरांच्या दमास्कसचे असावे लागते. शिवाय जुन्या युरोपीय धर्तीची, खाचा पाडलेल्या मुठीवर पिळाची तार गुंडाळलेली एक कट्यारही सादर करावी लागते. म्हणजे इतिहासातील आकार पुन्हा घडविणे हा येथे नुसता छंद नाही, ती कसोटी आहे.

हे थर येतात कसे? दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचून भट्टीत तापवितात, टाकणखार टाकतात आणि घणाखाली त्यांचा एकजीव करतात. मग तो ठोकळा लांबवून दुमडायचा, पुन्हा जोडायचा. पाच पट्ट्यांपासून आरंभ केला तर सहा घड्यांत ३२० थर होतात. पाते तयार झाल्यावर आम्लात बुडविले की साधे पोलाद काळवंडते, निकेलयुक्त पोलाद उजळ राहते आणि नक्षी प्रकट होते. रीत जुनी आहे खरी, पण ती प्राचीन युरोपातील तलवारींची. ज्या दमास्कसच्या नावाने ती विकली जाते त्या पोलादाशी तिचे नाते दूरचेच.

दमास्कस म्हणजे बायबलच्या मराठी भाषांतरातील दिमिष्क. संत पौलामुळे ते नाव आपल्याला चांगलेच परिचित आहे. त्या नावाने गाजलेल्या पात्यांचे पोलाद मात्र बहुतांशी आपल्या दख्खनचे आणि त्याच्या दक्षिणेचे. लोखंडाचे तुकडे, तरवडीचे वाळके लाकूड आणि रुईची हिरवी पाने मातीच्या मुशीत घालून तोंड बंद करायचे व मूस भट्टीत ठेवायची. कार्बन शोषलेल्या पोलादाचा गोळा तयार होई. तेलंगणातील कोनासमुद्रमचे असे गोळे इराणी व्यापारी घेऊन जात. या पोलादात थर नाहीत, जोड नाही. नक्षी उमटते ती धातूच्या पोटातील सूक्ष्म कणांच्या ओळींमुळे. फारसीत तिला 'जौहर' म्हणतात.

या पोलादाच्या युरोपीय अभ्यासाशी आपल्या मुंबईचाही संबंध आहे. डॉ. हेलिनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये मुंबईहून त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविले आणि पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर निबंध वाचला. 'वूट्झ' हे नाव त्यामुळे रूढ झाले. ते कन्नड 'उक्कु'चे अपभ्रष्ट रूप मानतात. पुढे सुऱ्या घडविणारे जेम्स स्टोडार्ट आणि शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी मिळून प्रयोग केले. फॅरडे स्वतः लोहाराचा मुलगा! तरीही नक्षीचे मर्म त्यांना पूर्णपणे उलगडले नाही. युरोपीय लोहारांची अडचण याहून साधी होती. हे पोलाद पांढरे होईपर्यंत तापविले की घणाखाली त्याचा चुरा होई. मंद आचेवरच ते घडविता येते.

ही गाठ सुटली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस. फ्लॉरिडातील आल्फ्रेड पेंड्रे हे व्यवसायाने नालबंद आणि सुरीकार. जॉन व्हर्होवेन हे आयोवा स्टेट विद्यापीठातील धातुशास्त्राचे प्राध्यापक. पेंड्रे मुशी तापवीत, गोळे घडवीत. व्हर्होवेन त्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. कॅनडातील एका विशिष्ट लोखंडापासून केलेल्या गोळ्यांत नक्षी हमखास येऊ लागली, तेव्हा त्यातील व्हॅनेडियमकडे दोघांचे लक्ष गेले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात म्हटले आहे की, अत्यल्प व्हॅनेडियम आणि पुनःपुन्हा तापवून घडविणे या दोहोंमुळे कणांच्या ओळी बनतात. जुन्या कारागिरांना व्हॅनेडियमचे नावही ठाऊक नव्हते. त्या गुणाचे खनिज मिळेनासे झाले तेव्हा तोच लोहार, तीच मूस, तीच पाने असूनही नक्षी येईना, असा या दोघांचा तर्क आहे. मला तो पटतो. मात्र स्वस्त विलायती पोलादाने आपल्या भट्ट्यांचे गिऱ्हाईक तोडले, हेही त्याच्या जोडीला सांगितले पाहिजे.

मोरानच्या श्रमांचे मोल यामुळे कमी होत नाही. परंतु 'दमास्कस' म्हणून आज जगभर जी सुरी विकली जाते, तिच्या घेणाऱ्याला कोनासमुद्रम हे नाव सहसा कोणी सांगत नाही, याची खंत वाटते. मोरान २००६ मध्ये वारले, पेंड्रे २०१७ मध्ये. उत्तर तेलंगणातील गावोगावच्या जुन्या भट्ट्यांची पद्धतशीर पाहणी भारतीय आणि ब्रिटिश अभ्यासकांनी २०१० मध्ये केली. शेतांच्या कडेला धातुमळीच्या राशी आणि फुटक्या मुशींचे तुकडे त्यांना सापडले.