सूक्ष्मजंतुजन्य प्लॅस्टिके

सूक्ष्मजंतूंच्या कोशिकांत तयार होणारी व निसर्गात पूर्णपणे विघटन पावणारी पॉलिएस्टर वर्गातील बहुवारिके. त्यांपैकी पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट (पीएचबी) हे प्रथम ज्ञात झाले.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील मॉरीस लमवान्य यांनी बॅसिलस मेगॅटेरियम या सूक्ष्मजंतूतील हे बहुवारिक १९२६ मध्ये ओळखले. त्याचे कार्य मात्र १९५८ मध्ये मॅक्री व विल्किन्सन यांच्या संशोधनाने स्पष्ट झाले. कार्बनयुक्त अन्न विपुल पण नायट्रोजन अपुरा असल्यास सूक्ष्मजंतू जादा कार्बन पीएचबीच्या कणांच्या रूपात साठवितो व उपासमारीच्या काळात वापरतो. प्राण्यांतील चरबीसारखाच हा साठा होय. मुळात अन्नच असल्यामुळे मातीतील इतर सूक्ष्मजीवही एंझाइमांच्या साहाय्याने त्याचे विघटन करतात. हवेच्या सान्निध्यात अखेरीस कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी उरते.

१९६० च्या सुमारास अमेरिकेतील डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीने निर्मितीचे प्रयत्न केले. पण उत्पादन अल्प व शुद्धीकरण खर्चिक ठरल्याने ते सोडून दिले. १९७३ मध्ये खनिज तेलाच्या किंमती भडकल्यानंतर ब्रिटनमधील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज (आयसीआय) या कंपनीने हा विषय हाती घेतला. शुद्ध पीएचबी सु. १७५° से. ला वितळते, परंतु ते ठिसूळ असते व वितळबिंदूच्या थोड्याच वर त्याचे अपघटन होऊ लागते. ॲल्कॅलिजिनीस यूट्रोफस (आजचे नाव क्युप्रिआव्हिडस नेकॅटर) या सूक्ष्मजंतूला ग्लुकोजाबरोबर प्रोपिऑनिक अम्ल पुरविल्यास हायड्रॉक्सिव्हॅलेरेटयुक्त सहबहुवारिक मिळते. ते अधिक चिवट असून कमी तापमानास वितळते. ‘बायोपोल’ या नावाने ते विकले जाऊ लागले व १९९० मध्ये जर्मनीत त्याच्या बाटल्यांतून शाम्पू बाजारात आला.

तथापि १९८० नंतरच्या दशकात तेल पुन्हा स्वस्त झाले होते. बायोपोलची किंमत पॉलिप्रोपिलिनाच्या कित्येक पट असल्याने मागणी मर्यादित राहिली. त्याचे हक्क १९९६ मध्ये मॉन्सँटोकडे व २००१ मध्ये मेटाबोलिक्सकडे गेले. मेटाबोलिक्सच्या भागीदारीतून अमेरिकेतील क्लिंटन (आयोवा) येथे वार्षिक ५०,००० टन क्षमतेचा कारखाना २०१० मध्ये सुरू झाला. पण २०१२ मध्ये ती भागीदारी संपुष्टात आली.

या प्लॅस्टिकांची मुख्य अडचण अशा रीतीने रासायनिक नसून आर्थिक ठरली. शर्करेचे मूल्य, किण्वनाचा खर्च आणि कोशिका फोडून बहुवारिक वेगळे करण्याचा खर्च यांवर त्यांची किंमत ठरते. खनिज तेलापासूनच्या प्लॅस्टिकांच्या किंमतीत मात्र त्यांच्या कचऱ्याच्या विल्हेवाटीचा खर्च सहसा धरला जात नाही.