सर्व्हर ऑफिसात की क्लाउडवर? न्हावा शेव्याचं टर्मिनल ठप्प झालं तेव्हा काय घडलं, आणि छोट्या ऑफिसांनी काय तयारी ठेवावी

उलवे : २७ जून २०१७. उलव्यापासून काही किलोमीटरवर, न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे कंटेनर टर्मिनल अचानक थांबलं. क्रेन मोडली नव्हती की संप नव्हता. टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क समूहाच्या जगभरातल्या कॉम्प्युटरमध्ये ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस शिरला होता. कोणता कंटेनर यार्डात कुठे आहे, कोणत्या ट्रेलरवर चढवायचा, हे सांगणारी यंत्रणाच गेली. काम हाताने करण्याची वेळ आली आणि खोळंबलेल्या गाड्यांसाठी पार्किंगची सोय करावी लागली.

उलवे, उरण, पनवेल पट्ट्यात कस्टम क्लिअरिंग एजंट, ट्रान्सपोर्टवाले, पतपेढ्या, दवाखाने, शाळा अशी कितीतरी ऑफिसं एका-दोन सर्व्हरवर चालतात. ‘आपल्याला कोण हॅक करणार?’ हा तिथला नेहमीचा प्रश्न. पण न्हावा शेव्यालाही कोणी नेम धरून मारलं नव्हतं. व्हायरस सुटला तो युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि नेटवर्कच्या वाटेने इथवर पोचला.

बंद मशीनने वाचवलं

मर्स्ककडे बॅकअप नव्हता असं नाही. बहुतेक सर्व्हरचा होता. अडलं ते ‘डोमेन कंट्रोलर’पाशी, म्हणजे कोणाला कुठे प्रवेश आहे हे ठरवणाऱ्या सर्व्हरपाशी. असे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांची नक्कल ठेवत. एक गेला तर दुसरा आहेच, हा हिशेब. व्हायरसने सगळेच पुसले.

वाचला फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि मशीन नेटवर्कबाहेर होतं. तिथलं इंटरनेट इतकं संथ की डेटा पाठवायला कित्येक दिवस लागले असते. शेवटी हार्ड डिस्क घानाहून नायजेरियात आणि तिथून विमानाने लंडनला माणसाच्या हातातून नेली. पुढच्या दहा दिवसांत कंपनीने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

छोट्या ऑफिसाच्या कामाची गोष्ट यात हीच आहे. सतत जोडलेली नक्कल म्हणजे बॅकअप नव्हे. सर्व्हरमध्ये दोन डिस्क लावून एकीची नक्कल दुसरीवर ठेवतात, त्याला ‘रेड’ म्हणतात. डिस्क जळाली तर त्याचा उपयोग आहे. पण चुकून फाइल डिलीट झाली किंवा व्हायरसने लॉक केली, तर दुसऱ्या डिस्कवरही त्याच क्षणी तेच होतं. सर्व्हरला कायम खोचून ठेवलेल्या पेनड्राइव्हचंही तसंच.

आधी दोन आकडे ठरवा

मशीन घेण्याआधी मालकाने दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहावीत. काम किती वेळ बंद राहिलं तर चालेल? आणि किती वेळाच्या नोंदी गेल्या तर चालतील? पहिल्याला तांत्रिक भाषेत ‘आरटीओ’ म्हणतात (गाड्यांच्या पासिंगचं ऑफिस नव्हे!) आणि दुसऱ्याला ‘आरपीओ’. रोज रात्री एकदाच बॅकअप होत असेल आणि सर्व्हर संध्याकाळी पाचला गेला, तर दिवसभराच्या नोंदी गेल्या. शाळेच्या ऑफिसला हे एकवेळ चालेल, पतपेढीला नाही. खर्च किती करायचा हे या दोन आकड्यांवरून ठरतं, विक्रेत्याच्या कोटेशनवरून नाही.

सर्व्हर ऑफिसातच ठेवायचा असेल तर

उलव्याची जमीन खाडीकाठची, जागोजागी भरावाची. त्यामुळे सर्व्हर तळमजल्यावर जमिनीलगत ठेवू नये, टेबलाखाली तर नाहीच. खारी हवा आणि बांधकामाची धूळ मशीनच्या आयुष्यावर येते, म्हणून बंद खोली, एसी आणि नीट अर्थिंग हवं. यूपीएस ऑनलाइन प्रकारचा असावा आणि बॅटरी संपत आली की सर्व्हर आपोआप व्यवस्थित बंद होईल अशी जोडणी करून घ्यावी. हे शेवटचं बरेच जण विसरतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच वेळी गेली होती. अर्ध्या तासाचा यूपीएस अशा दिवशी काम चालू ठेवण्यासाठी नसतो, सर्व्हर सांभाळून बंद करण्यासाठी असतो.

इंटरनेटच्या दोन लाइन घेताना कंपन्या वेगळ्या असून भागत नाही. दोन्ही केबल एकाच चरातून आल्या असतील तर रस्ता खोदणारा जेसीबी दोन्ही एकदम तोडतो. एक केबलची आणि एक मोबाइल नेटवर्कवरची घेतलेली बरी.

अपडेटची टाळाटाळ नको. नॉटपेट्याने वापरलेली विंडोजमधली एक फट बुजवणारं अपडेट मार्च २०१७मध्येच आलं होतं. मात्र हा व्हायरस मशीनमधले पासवर्ड चोरूनही पुढे सरकत असे, त्यामुळे अपडेट केलेली मशीनंही सापडली. सगळ्या कॉम्प्युटरना एकच ॲडमिन पासवर्ड ठेवण्याची पद्धत म्हणून बंद करावी.

क्लाउड म्हणजे काय भाड्याने घ्यायचं?

दोन प्रकार पुरे. एक, नुसतं मशीन भाड्याने. त्यावर विंडोज किंवा लिनक्स, अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर, सुरक्षा, बॅकअप सगळं आपलं आपण पाहायचं. दोन, तयार सॉफ्टवेअर भाड्याने. ईमेल किंवा ऑनलाइन बिलिंग हे यातलं. ज्या ऑफिसात कॉम्प्युटरचा जाणकार माणूस नाही, त्याने पहिल्याच्या वाट्याला जाऊ नये.

सर्व्हर भारतातच ठेवण्याची सोय आता आहे. ॲमेझॉनची केंद्रं मुंबई आणि हैदराबादला, गुगलची मुंबई आणि दिल्लीला, तर मायक्रोसॉफ्टची पुणे, मुंबई, चेन्नईला आहेत. मुख्य काम मुंबईतून चालत असेल तर एक प्रत हैदराबाद किंवा चेन्नईला ठेवावी. भाव विचारताना डेटा परत बाहेर काढण्याचा आकार किती, हेही विचारावं. बिल तिथे फुगतं.

क्लाउडवर आहे म्हणजे सुरक्षित आहे, हा मोठा गैरसमज. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत खाक झालं. वेगळा बॅकअप न घेतलेल्या ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. काहींचा बॅकअप होता, पण त्याच आवारात.

रायगडच्या हिशेबाने बॅकअप

मूळ डेटा धरून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात, असा जुना नियम आहे. रायगडात तो का लागतो, हे दोन आपत्तींनी दाखवलं. २२ जुलै २०२१च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. सर्व्हर आणि त्याचा बॅकअप एकाच दुकानात असेल तर अशा वेळी दोन्ही बुडतात. उलट ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, म्हसळा, अलिबागकडे वीज आणि मोबाइल टॉवर कित्येक दिवस बंद होते. डेटा हैदराबादला सुखरूप असला तरी तो बघणार कशावर? म्हणून बाहेरगावची प्रत आणि हाताशी एक प्रत, दोन्ही लागतात.

हाताशी असलेल्या प्रतीसाठी दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्याव्यात. आठवडाआड एक ऑफिसात, दुसरी घरी, आणि बॅकअप झाला की केबल काढायचीच. डिस्कला पासवर्डचं कुलूप घालावं, कारण ग्राहकांचे आधार आणि पॅन क्रमांक त्यात असतात. क्लाउडवरच्या प्रतीला ठरावीक दिवस कोणालाही, अगदी ॲडमिनलाही, पुसता येणार नाही अशी सोय मिळते. तीच चालू करावी.

बॅकअप घेतला की काम संपत नाही. तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्याच कॉम्प्युटरवर तो उघडून, मागच्या महिन्यातलं एखादं बिल निघतं का ते पाहावं. किती वेळ लागला तेही लिहावं. पहिल्याच प्रयत्नात पासवर्ड कोणालाच माहीत नाही असं निघतं, आणि ते आज निघालेलं बरं.

हल्ला झालाच तर

नेटवर्कची केबल लगेच काढावी, वाय-फाय बंद करावं. खंडणी भरू नये. नॉटपेट्यानेही पैसे मागितले होते, पण भरूनही फाइल उघडण्याची सोय त्यात नव्हतीच. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा.

हे सगळे नंबर, सर्व्हरवाल्याचा, इंटरनेटवाल्याचा, बँकेचा, एका कागदावर छापून भिंतीला लावावेत. शेजारी कोऱ्या पावत्यांचं आणि गेटपासचं एक पुस्तक ठेवावं, कारण गाड्या दारात उभ्या राहिल्या की पहिले काही तास त्यावरच काम निघतं.