बादलीवाल्यांचा झरा

वज्रेश्वरीची गरम कुंडे आपल्याला ठाऊक आहेत. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी नवस फेडून तिथे देऊळ बांधले. आपल्या यिशुनजवळ, गॅम्बास अ‍ॅव्हेन्यूवर असलेल्या सेंबावांगच्या झऱ्याला देऊळ नाही, पण इतिहास आहे. १९०९ मध्ये तो प्रकाशात आला. १९२२ मध्ये फ्रेझर अँड नीव्ह कंपनीने तो घेतला आणि पाणी बाटल्यांत भरले. युद्धकाळात जपान्यांनी तिथे स्नानगृहे केली. पुढे जागा लष्कराकडे गेली. लोकांच्या आग्रहाखातर २००२ मध्ये वाट खुली झाली आणि २०२० मध्ये उद्यान झाले. तिथे देवाच्या नवसाने, इथे बादल्या घेऊन येणाऱ्यांच्या चिकाटीने झरा टिकला. एका रविवारी मुलांना घेऊन जाऊ या. पाणी सुमारे ७० अंशांचे असते, तेव्हा निववूनच पाय बुडवावेत!