आंध्र कीं आंदर ?

एका संग्राहक स्नेह्यांनीं ‘आंध्र व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी’चा एक जुना शेअर-दाखला नुकताच आम्हांस दाखविला. तो त्यांनीं तेलंगणच्या कागदांत बांधून ठेविला होता ! हा भ्रम अनेकांचा असल्यामुळें हें टिपण.

सदर कंपनी टाटांनीं १९१६ सालीं काढिली. तिच्या नांवांतील ‘आंध्र’ हा तेलुगु देश नसून मावळांतील आंद्रा नदी होय. नवलाख उंबरे ज्या आंदर मावळांत मोडतें त्याची ती नदी. रोमन लिपींत ‘द’कारास ‘ह’ची जोड मिळाली, आणि मराठींत परततांना नदी देशांतरास गेली.

कंपनीचें कारण मात्र मुंबईंत शोधावें लागतें. त्या शहराजवळ कोळशाची खाण नाहीं. बंगालचा कोळसा हजार मैलांवरून यावयाचा, आणि गिरण्या चालावयाच्या त्यावर. खोपोलीचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें तें ह्याच अडचणीवर तोड म्हणून. पुढें महायुद्धांत आगबोटी व वाघिणी लष्कराकडे गेल्या, तेव्हां परावलंबनाचा अर्थ सर्वांसच कळला. स्वित्झर्लंडासही कोळसा नाहीं. त्यानेंही युद्धानंतर आपल्या आगगाड्या जलविद्युतेवर नेल्या.

आंद्रा इंद्रायणीस मिळते, इंद्रायणी भीमेस. म्हणजे हें पाणी मूळचें पूर्वसमुद्राचें. ठोकरवाडीस धरण बांधून तें कोंकणांत उतरविलें व १९२२ पासून भिवपुरीस त्याची वीज होऊं लागली. घाटावर पडलेला पाऊस असा मुंबईचा कोळसा झाला.

मुंबईचा हिशेब चुकला असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यांत एक रक्कम मांडलेली नव्हती. ती मुळशीच्या मावळ्यांनीं १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह करून मांडली. विनायकराव भुस्कुटे व सेनापति बापट त्यांत अग्रभागीं होते. धरण थांबलें नाहीं. भिऱ्याचें वीजगृह १९२७ त सुरू झालें, आणि गांवें, शेतें पाण्याखालीं गेलीं.

अशा शिवारांच्या चतुःसीमा आतां वतनपत्रांत व महजरांतच उरल्या. म्हणून मावळच्या कागदांतील ओढा किंवा पांढरी आजच्या नकाशांत सांपडत नाहीं एवढ्यावरून कागद बनावट ठरवूं नये. ती जागा तलावांत तर नाहीं ना, हें आधीं पाहावें. घरचे रुमाल सोडवून असे कागद कोणी नकलून ठेवतील तर मोठें काम होईल. आमच्या स्नेह्यांनीं आपला दाखला मावळच्या रुमालांत हलविला आहे.